बारकोड एकच, पण सीडीवरचे ध्वनिमुद्रण वेगळे: संगीत-प्रकाशनाची नोंद नेमकी कोणत्या संकेतांकावर करावी?

संग्रहपाल (प्रश्न)

नमस्कार. एका संगीतसंग्रहाची तालिका नव्याने तयार करण्याचे काम माझ्याकडे आहे. संग्रहात तबकड्या, कॅसेट, सीडी आणि विकत घेतलेल्या डिजिटल फाइली असे सर्व काही आहे. जुन्या नोंदवहीत प्रत्येक वस्तूला दाखल क्रमांक आहेच. परंतु आता ही तालिका इतर संग्रहांच्या तालिकांशी ताडून पाहता यावी, अशी अपेक्षा असल्यामुळे बाहेरच्या जगात मान्य असलेला एखादा क्रमांकही प्रत्येक नोंदीला जोडावा, असे ठरले आहे. सध्याच्या आराखड्यात वेष्टनावरचा बारकोड हीच नोंदीची मुख्य ओळख मानलेली आहे आणि गाण्यांच्या पातळीवर आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा आंतरराष्ट्रीय संकेतांक, नोंदवण्याची सोय आहे.

काम सुरू झाल्यावर काही कोडी समोर आली, ती येथे मांडतो.

पहिले असे की, एकाच अल्बमच्या दोन सीडींवर बारकोड अंकाला अंक सारखा आहे, मुखपृष्ठही तेच आहे, पण एका सीडीवरचे तिसरे गाणे दुसरीवरच्यापेक्षा स्पष्टपणे लांब आहे आणि सीडीच्या आतल्या कड्यावर कोरलेली अक्षरेही निराळी आहेत. दुसरे असे की, एकच गाणे मूळ अल्बमवर आणि नंतरच्या संकलनावर असताना दोन्हीकडे आयएसआरसी तोच मिळतो, मात्र आणखी एका आवृत्तीत त्याच गाण्याला वेगळा आयएसआरसी आहे. तिसरे, १९६०च्या दशकातल्या एका ध्वनिमुद्रणाच्या संकेतांकात वर्षाच्या जागी ‘९८’ आहे. आणि शेवटचे, वेष्टनावर बारा अंकी दिसणारा क्रमांक ऑनलाइन सूचींमध्ये तेरा अंकी का होतो, हेही समजत नाही.

या दोन संकेतांकांपैकी कोणत्यावर किती भिस्त ठेवावी, आणि नोंदीचा आराखडा कसा असावा, यावर जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

---

रेषा_आणि_अंक

आपल्या चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. बारकोड विक्रीला ठेवलेल्या वस्तूला असतो आणि आयएसआरसी त्या वस्तूत साठवलेल्या ध्वनिमुद्रणाला असतो. तिसरी एक पातळी त्याहून वर आहे, ती म्हणजे संगीतरचना; आणि चौथी सर्वांत खाली आहे, ती म्हणजे आपल्या हातातली विशिष्ट छापाची प्रत. या चार पातळ्यांपैकी कोणतीही एक दुसरीची जागा घेऊ शकत नाही. मी येथे बारकोडपुरते लिहितो, आयएसआरसीविषयी येथे माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने लिहिणारे सदस्य आहेत.

बारकोड संगीतासाठी जन्माला आलेलाच नाही. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ट्रॉय येथील एका सुपरमार्केटमध्ये च्युइंगमच्या पाकिटावरचा यूपीसी (अमेरिकेत रुजलेल्या पद्धतीचा) बारकोड पहिल्यांदा गल्ल्यावर वाचला गेला. हे सांगण्याचे कारण एवढेच की, या क्रमांकाला आजही गल्ल्यावरचाच प्रश्न विचारला जातो: ही कोणती वस्तू आहे, तिची किंमत काय आणि साठ्यातून काय वजा करायचे? तबकड्यांच्या आणि कॅसेटच्या वेष्टनांवर तो १९८०च्या दशकात रूढ झाला. एकाच अल्बमची तबकडी, कॅसेट आणि सीडी या व्यापाराच्या दृष्टीने तीन वस्तू असल्यामुळे त्यांना तीन बारकोड असतात. अमेरिकी लेबलांच्या, म्हणजे संगीत प्रकाशित करणाऱ्या कंपन्यांच्या, अनेक जुन्या प्रकाशनांत तर शेवटच्या पडताळा अंकाच्या (टंकनातली चूक पकडण्यासाठी जोडलेल्या अंकाच्या) आधीचा अंकच माध्यम सांगतो: १ म्हणजे तबकडी, २ म्हणजे सीडी, ४ म्हणजे कॅसेट. हा संकेत लेबलांच्या स्वतःच्या क्रमांकपद्धतीतून आलेला आहे आणि सर्वत्र पाळला गेलेला नाही, तेव्हा तो पुरावा न मानता दुजोरा म्हणून वापरावा.

आपल्या पहिल्या कोड्याचे उत्तर यातच आहे. अल्बम बाजारात असताना लेबलने मूळ मास्टरमधील, म्हणजे ज्यावरून प्रती काढतात त्या मूळ प्रतीतील, एखादे गाणे बदलले, कापलेले गाणे पूर्ण लांबीचे घातले, किंवा सीडीचे उत्पादन दुसऱ्या कारखान्यात हलवले, तरी विक्रेत्याच्या दृष्टीने वस्तू तीच राहते. म्हणून बारकोड तोच छापला जातो. याउलट, आतले ध्वनिमुद्रण कणभरही न बदलता केवळ वितरक बदलला किंवा वेगळ्या पेटीत विक्री सुरू झाली, तर बारकोड बदलू शकतो. शिवाय बारकोडचे क्रमांक देणाऱ्या जीएस१ या संस्थेच्या नियमांनुसार एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या वस्तूला पुन्हा देता येत नाही हे खरे, पण हे कडक बंधन २०१९ पासूनचे आहे. त्यापूर्वी वस्तू बाजारातून गेल्यावर काही वर्षांनी क्रमांकाचा पुनर्वापर चालत असे. जुन्या संग्रहात हे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

बारा आणि तेरा अंकांचा प्रश्न सोपा आहे. अमेरिकेत रुजलेला यूपीसी बारा अंकी आणि नंतर युरोपात आलेला ईएएन तेरा अंकी. बारा अंकी क्रमांकाच्या डावीकडे एक शून्य लावले की तोच तेरा अंकी होतो. क्रमांक बदलत नाही, फक्त लिहिण्याची रीत बदलते. पडताळा अंकही बदलत नाही, कारण त्याच्या हिशेबातील गुणक उजवीकडून मोजले जातात आणि डावीकडच्या शून्याने बेरजेत काही भर पडत नाही.

हा हिशेब एकदा हाताने करून पाहावा, म्हणजे त्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतात. समजा पडताळा अंकाशिवायचे बारा अंक १२३४५६७८९०१२ आहेत. डावीकडून विषम स्थानांवरचे अंक १, ३, ५, ७, ९ आणि १ यांची बेरीज २६ होते. सम स्थानांवरचे २, ४, ६, ८, ० आणि २ यांची बेरीज २२ होते, तिची तिप्पट ६६. एकूण ९२. पुढची दहाच्या पटीतली संख्या १००, म्हणून पडताळा अंक ८. कोणताही एक अंक चुकीचा टंकला गेला तर हा पडताळा हमखास बिघडतो. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरीही तो बहुतेक वेळा बिघडतो. अपवाद फक्त त्या दोन अंकांत पाचाचा फरक असेल तेव्हाचा, म्हणजे ७२ऐवजी २७ लिहिले गेले तर चूक निसटते. हाताने नोंदी करणाऱ्यांनी तेवढी जागा डोळ्यांनी तपासावी.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करतो. सुरुवातीच्या अंकांवरून वस्तू कोणत्या देशात तयार झाली हे ठरवता येत नाही. ५० ने सुरू होणारे क्रमांक ब्रिटनमधील, ४०० ते ४४० जर्मनीतील, ४५ आणि ४९ जपानमधील जीएस१ संस्थेने दिलेले असतात, एवढेच त्यातून कळते. ब्रिटनमध्ये नोंदवलेल्या लेबलची सीडी अन्य कोणत्याही देशात छापली गेलेली असू शकते.

---

निर्मितीकक्ष

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. आयएसआरसीविषयी लिहितो.

हा संकेतांक आयएसओ ३९०१ या मानकाने ठरवलेला आहे. मानक १९८६ साली प्रथम प्रसिद्ध झाले, २००१ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये सुधारले गेले. त्याचे आंतरराष्ट्रीय व्यवस्थापन आयएफपीआय ही ध्वनिमुद्रण उद्योगाची आंतरराष्ट्रीय संस्था पाहते आणि देशोदेशी तिच्याशी संलग्न संस्था असतात. संकेतांकात बारा वर्ण असतात: आरंभी दोन अक्षरे, मग तीन अक्षरे किंवा अंक, मग वर्षाचे दोन अंक आणि शेवटी पाच अंकी अनुक्रमांक. वाचायला सोपे जावे म्हणून मध्ये आडव्या रेघा छापतात, पण त्या संकेतांकाचा भाग नव्हेत. साठवताना त्या काढून टाकाव्यात. अनुक्रमांक पाच अंकी असल्यामुळे एका उपसर्गाखाली (म्हणजे पहिल्या पाच वर्णांखाली) एका वर्षात एक लाख ध्वनिमुद्रणांना क्रमांक देता येतात.

पहिली दोन अक्षरे पूर्वी देशाची मानली जात. अमेरिकेतील ‘यूएस’ अक्षरांखालचे उपसर्ग अपुरे पडू लागल्यावर तिथे ‘क्यूएम’ आणि ‘क्यूझेड’ अशी अक्षरे वापरात आली, आणि २०१९ च्या आवृत्तीत पहिले पाच वर्ण मिळून एकच उपसर्ग धरला गेला. त्यामुळे या अक्षरांवरून कलाकाराचा देश, ध्वनिमुद्रणाचे ठिकाण किंवा आजचा मालक यांपैकी काहीही काढू नये. हक्क विकले गेले, लेबल बंद पडले, कंपन्यांचे विलीनीकरण झाले, तरी आयएसआरसी तोच राहतो, आणि तो तसाच राहावा हाच त्याचा उद्देश आहे. उपसर्ग फक्त एवढेच सांगतो की, तो संकेतांक प्रथम कोणाच्या नोंदणीखाली दिला गेला.

आता ‘९८’ विषयी. ते वर्ष संकेतांक दिल्याचे आहे, ध्वनिमुद्रणाचे नाही. १९६०च्या दशकात ही पद्धतच अस्तित्वात नव्हती, म्हणून त्या काळच्या कोणत्याही ध्वनिमुद्रणाला संकेतांक नंतरच मिळणार. सीडीवर पुनर्प्रकाशन करताना १९९८ मध्ये दिला गेला असेल, तर ‘९८’ दिसणे अगदी योग्य आहे. अडचण अशी की, काही कंपन्यांनी जुन्या साठ्याला संकेतांक देताना मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षाचे अंक वापरलेलेही आढळतात. म्हणून हे दोन अंक कधी मूळ वर्ष असतात, कधी नसतात, आणि संकेतांकाकडे पाहून ते ओळखण्याचा कोणताही मार्ग नाही. ध्वनिमुद्रणाचे वर्ष आपल्या तालिकेत स्वतंत्र रकान्यात, स्वतंत्र पुराव्यावर नोंदवावे.

एकच गाणे अल्बमवर, एकल प्रकाशनात आणि पुढे दहा संकलनांत आले, तरी ध्वनिमुद्रण तेच असेल तर आयएसआरसी तोच असला पाहिजे. तबकडीवरून सीडीवर आले, किंवा एमपी३ ऐवजी फ्लॅक फाइल झाली, म्हणूनही तो बदलत नाही. मात्र कलाकाराने ते गाणे पुन्हा गायले, मैफलीतले ध्वनिमुद्रण निघाले, रीमिक्स झाले, नभोवाणीसाठी काटछाट केलेली आवृत्ती आली, आक्षेपार्ह शब्द वगळले, गायकाचा आवाज काढून केवळ वाद्यसंगीत ठेवले, किंवा त्या गाण्याचा दृश्यपट निघाला, तर प्रत्येकाला स्वतंत्र संकेतांक लागतो.

आपल्या दुसऱ्या कोड्यात जी तिसरी आवृत्ती आहे, ती बहुधा रीमास्टर, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणावरून नव्याने तयार केलेले मास्टर, असावी. येथे नियम थोडा नाजूक आहे. केवळ नव्या माध्यमावर उतरवण्यासाठी पातळी जुळवली असेल तर जुनाच संकेतांक राहतो. मूळ ध्वनिफितीवर पुन्हा सर्जनशील काम करून ऐकण्यात फरक पडेल असे रीमास्टर केले असेल तर नवा दिला जातो. हा निर्णय प्रकाशकाच्या विवेकावर असल्यामुळे दोन्ही प्रकारची उदाहरणे बाजारात आहेत.

प्रकाशनाच्या बाजूने काम करणाऱ्यांसाठी एक कळकळीची सूचना. डिजिटल वितरक बदलताना प्रकाशनाला नवा यूपीसी मिळणे सर्रास घडते आणि त्याने फारसे बिघडत नाही, परंतु जुने आयएसआरसी यादी करून नव्या वितरकाला अवश्य द्यावेत. रकाना रिकामा सोडला की वितरकाची यंत्रणा नवे संकेतांक देऊन टाकते, मग त्याच गाण्याची श्रवणसंख्या दोन ठिकाणी विभागली जाते आणि सादरकर्त्यांच्या हक्काचे पैसे गोळा करणाऱ्या संस्थांना ते एकच ध्वनिमुद्रण आहे हे कळत नाही. कलाकाराचे खरे नुकसान होते ते येथे, आणि ते भरून काढायला पुष्कळ पत्रव्यवहार करावा लागतो.

---

कानसेन

दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण मूळ प्रश्नातल्या दोन सीडींचा निकाल या दोन संकेतांकांनी लागणार नाही. त्यासाठी सीडीच हातात घेऊन पाहावी लागेल.

सीडी उलटी करून दिव्याखाली तिरपी धरावी. आरशासारख्या आतल्या पट्ट्यावर कोरलेल्या अक्षरांत मास्टरचा क्रमांक असतो. त्यात पुष्कळदा लेबलचा स्वतःचा तालिका-क्रमांक आणि पुढे आवृत्तीचा आकडा असतो. दोन सीडींवर ही अक्षरे भिन्न असतील तर त्या दोन वेगवेगळ्या मास्टरवरून निघालेल्या आहेत, मग बारकोड काहीही असो. त्याच्या जवळपास ‘आयएफपीआय’ ही अक्षरे आणि पुढे तीन-चार वर्ण दिसतात. ‘एल’ने सुरू होणारा संकेत काचेचे मास्टर तयार करणाऱ्या यंत्राचा असतो, आणि मध्याच्या पारदर्शक भागाजवळ, ‘एल’ने सुरू न होणारा, साच्याचा संकेत असतो, ज्यावरून कारखाना कळतो. हे संकेत बनावट सीडींना आळा घालण्यासाठी १९९४ मध्ये आयएफपीआय आणि फिलिप्स यांनी सुरू केले. त्यामुळे वेष्टनावर १९८७ हे वर्ष छापलेले असले तरी सीडीवर हे संकेत असतील, तर ती प्रत १९९४ पूर्वीची नाही हे निश्चित होते. उलट अनुमान मात्र काढू नये, कारण सर्व कारखान्यांनी ते एकाच वेळी स्वीकारले नाहीत. विनाइल तबकडीच्या बाबतीत हेच काम लेबलाभोवतीच्या गुळगुळीत भागात कोरलेली अक्षरे करतात.

दुसरी गोष्ट, सीडीतला आयएसआरसी कोठून वाचावा. तो आवाजाच्या आकड्यांत नसतो. सीडीवर आवाजाबरोबर काही उपवाहिन्या असतात, त्यांपैकी ‘क्यू’ नावाच्या उपवाहिनीत गाण्याचा क्रमांक आणि वेळ सतत येत असते, आणि अधूनमधून तिच्या जागी दोन वेगळ्या प्रकारचे संदेश येतात. एकात सबंध सीडीचा तेरा अंकी क्रमांक, म्हणजे बारकोडचाच क्रमांक असतो, आणि दुसऱ्यात त्या गाण्याचा आयएसआरसी. आयएसआरसीचे पहिले पाच वर्ण प्रत्येकी सहा बिटांत आणि उरलेले सात अंक प्रत्येकी चार बिटांत बसवलेले असतात. हे संदेश असतील तर दर शंभर विभागांत किमान एकदा यावेत असा नियम आहे. सीडीवर सेकंदाला ७५ विभाग असतात, म्हणजे साधारण सव्वा-दीड सेकंदातून एकदा.

सीडीवरून फाइली काढताना ही उपवाहिनी आपोआप सोबत येत नाही. नेहमीच्या पद्धतीने फाइल तयार केली की आयएसआरसी मागेच राहतो. एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा सीडीआरडीएओ यांसारख्या साधनांनी तो स्वतंत्रपणे वाचून क्यू-शीटमध्ये किंवा तत्सम मजकुराच्या फाइलीत उतरवता येतो आणि मग फाइलीच्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलीतच साठवल्या जाणाऱ्या माहितीच्या रकान्यांत, घालता येतो; एमपी३ मध्ये त्यासाठी ‘टीएसआरसी’ नावाचा रकाना आहे. काही सीडी-ड्राइव्ह मात्र हे वाचन नीट करत नाहीत आणि गाण्याच्या आरंभी आधीच्याच गाण्याचा संकेतांक देतात. लागोपाठच्या दोन गाण्यांना एकच आयएसआरसी आलेला दिसला, तर लेबलला दोष देण्याआधी दुसऱ्या ड्राइव्हवर वाचून पाहावे. सीडीचा तेरा अंकी क्रमांकही अनेक सीडींवर सगळी शून्ये असा मिळतो. लेबलने तो भरलाच नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

---

संग्रहपाल

सविस्तर प्रतिसादांबद्दल सर्वांचा मनापासून आभारी आहे. दोन्ही सीडींवरची कोरलेली अक्षरे पुन्हा पाहिली. शेवटचा आवृत्तीचा आकडा भिन्न आहे, आणि लांब गाणे असलेल्या सीडीवरच ‘आयएफपीआय’ संकेत आहेत, म्हणजे ती निश्चितच १९९४ किंवा त्यानंतरची आहे.

एक पूरक प्रश्न आहे. जुनी यादी स्प्रेडशीटमध्ये टंकलेली असून तिच्यातील बरेच बारकोड अकरा अंकी आहेत, काही दहा अंकी, आणि काही तर दशांशचिन्ह व अधिकचे चिन्ह असलेल्या विचित्र स्वरूपात उतरले आहेत. वस्तू पुन्हा एकेक करून हाताळण्यापूर्वी यातले किती सुधारता येईल?

---

विदागार

हे सुधारता येते, परंतु सर्व प्रकारांना एकच औषध लावू नये.

विचित्र स्वरूपातले क्रमांक आधी पाहा. स्प्रेडशीटने बारकोडला मोठी संख्या समजून घातांकाच्या रूपात दाखवले असेल आणि मूळ फाइल अजून हाताशी असेल, तर रकान्याचे स्वरूप बदलताच पूर्ण क्रमांक परत दिसतो. मात्र त्याच रूपात तो सीएसव्हीमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलीत, जतन झाला असेल, तर शेवटचे अंक कायमचे गेलेले असतात. तेथे वस्तू पुन्हा पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

अकरा अंकी क्रमांकांना दोन कारणे संभवतात. एक तर स्प्रेडशीटने आरंभीचे शून्य गिळले असेल, नाहीतर नोंद करणाऱ्याने पडताळा अंक लिहिलाच नसेल. बारा अंकी बारकोडखाली पहिला आणि शेवटचा अंक रेषांच्या बाहेर, लहान अक्षरांत छापलेले असतात, त्यामुळे ते सुटणे स्वाभाविक आहे. दहा अंकी नोंदी बहुधा याच कारणाने झालेल्या असाव्यात. निवाडा असा करावा: अकरा अंकांतील शेवटचा अंक पडताळा अंक समजून हिशेब मांडावा. तो जुळला तर आरंभीचे शून्य हरवले आहे असे मानून ते डावीकडे लावावे. जुळला नाही तर अकरा अंक पूर्ण आहेत आणि पडताळा अंक राहिला आहे असे समजून तो काढून उजवीकडे लावावा. परंतु पडताळा अंक दहापैकी एका वेळी निव्वळ योगायोगाने जुळणार, म्हणून अशा रीतीने दुरुस्त केलेल्या प्रत्येक नोंदीवर ‘अनुमानित’ अशी खूण ठेवावी आणि एखाद्या खुल्या सूचीत तो क्रमांक शोधून अल्बमचे नाव जुळते का ते पाहावे. दहा अंकी नोंदींत पहिला अंकही अनुमानाने भरावा लागत असल्याने तेथे हा दुसरा पडताळा टाळूच नये.

यापुढे बारकोडचा रकाना मजकूर म्हणूनच ठेवावा, संख्या म्हणून नव्हे. सर्व क्रमांक डावीकडे शून्ये लावून तेरा अंकी करावेत, आणि वेष्टनावर जसे छापले आहे तसे रूप हवे असल्यास शेजारी वेगळे ठेवावे.

आयएसआरसीच्या बाबतीत हा आधारही नाही, कारण त्यात पडताळा अंकच नसतो. एक अंक चुकला तरी संकेतांक दिसायला निर्दोष राहतो आणि कदाचित दुसऱ्याच कोणाच्या गाण्याचा ठरतो. आपण फक्त आकृतिबंध तपासू शकतो: एकूण बारा वर्ण, पहिली दोन अक्षरे, शेवटचे सात अंक. तिसऱ्या ते पाचव्या जागेवर मात्र अक्षर आणि अंक दोन्ही चालत असल्याने तेथे रोमन ‘ओ’ आणि शून्य, ‘आय’ आणि एक यांची अदलाबदल फार होते. आयएफपीआयच्या शोधसुविधेत संकेतांक टाकून कलाकार आणि शीर्षक जुळते का हे पाहणे, हाच तेथे खरा पडताळा.

आराखड्याविषयी माझे मत ‘रेषा_आणि_अंक’ यांच्या चार पातळ्यांना धरूनच आहे. म्युझिकब्रेन्झ या खुल्या सूचीची रचना पाहावी: तेथे रचना, ध्वनिमुद्रण, प्रकाशन आणि एकाच अल्बमच्या सर्व प्रकाशनांचा गट अशा वेगवेगळ्या नोंदी असतात, प्रत्येकीला सूचीचा स्वतःचा ओळखक्रमांक असतो, आणि बारकोड किंवा आयएसआरसी ही त्या नोंदींची केवळ माहिती असते. एका ध्वनिमुद्रणाला अनेक आयएसआरसी जोडता येतात, एकच बारकोड दोन प्रकाशनांना लावता येतो. आपल्याकडेही मुख्य ओळख दाखल क्रमांकाचीच ठेवावी; बारकोड या रकान्यावर ‘पुन्हा येता कामा नये’ असे बंधन घातले, तर वरच्या दोन सीडींपैकी एक नोंदवताच येणार नाही. रचनेच्या पातळीवर आयएसडब्ल्यूसी नावाचा वेगळा संकेतांक आहे, ‘टी’ अक्षर, नऊ अंक आणि एक पडताळा अंक असा. तो गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थांमार्फत मिळतो आणि एकाच रचनेच्या शंभर ध्वनिमुद्रणांना सामाईक असतो.

---

रेषा_आणि_अंक

‘विदागार’ यांच्या एका मुद्द्यावर माझा थोडा मतभेद आहे. एका ध्वनिमुद्रणाला अनेक आयएसआरसी जोडण्याची मुभा असावी हे ठीक, पण तालिकाकाराने ती सढळ हाताने वापरू नये. शीर्षक आणि कलाकार सारखे आहेत म्हणून दोन संकेतांक एकाच नोंदीखाली आणले, की रीमास्टर, काटछाट केलेली आवृत्ती आणि मूळ आवृत्ती यांतला भेद पुसला जातो, आणि एकदा एकत्र केलेल्या नोंदी पुढे कोणी वेगळ्या करत नाही. दोन संकेतांक दिसले की आधी ती दोन ध्वनिमुद्रणे आहेत असे मानावे, लांबी पाहावी, दोन्ही ऐकावीत, आणि भेद सापडलाच नाही तरच एकत्र करावे.

---

निर्मितीकक्ष

या सावधगिरीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. ऐकण्याच्या जोडीला ध्वनिठशांचा, म्हणजे आवाजावरून संगणकाने काढलेल्या ओळखखुणांचा, उपयोग करता येईल. अ‍ॅकाउस्टआयडीसारखी सेवा फाइलीतील आवाजावरून ठसा काढते, त्यामुळे टॅगमधली माहिती चुकीची असली तरी तिला फरक पडत नाही. तथापि रीमास्टर आणि मूळ यांचे ठसे अनेकदा इतके जवळचे निघतात की, ठसा जुळला म्हणजे संकेतांकही एकच असावा, असा निष्कर्ष काढू नये. भिन्न ठसा मात्र भिन्न ध्वनिमुद्रणाचा भक्कम पुरावा आहे.

---

कानसेन

आराखड्यात आणखी एक रकाना हवा, तो म्हणजे संकेतांक कोठून घेतला याचा. वेष्टनावरून वाचला, सीडीच्या उपवाहिनीतून काढला, खरेदी केलेल्या फाइलीच्या टॅगमध्ये होता, की ऑनलाइन सूचीतून उतरवला, हे प्रत्येक नोंदीपुढे लिहावे. पुढे दोन स्रोत एकमेकांशी विसंगत निघाले तर कोणाचे ऐकायचे हे ठरवायला त्याचाच आधार मिळेल. माझा अनुभव असा आहे की, चुका ऑनलाइन सूचीतून उतरवलेल्या संकेतांकांत सर्वाधिक सापडतात, कारण त्या सूचीत ज्याने भरले त्याच्या हातात कदाचित वेगळाच छाप होता. आणि ज्या तबकड्यांवर बारकोडच नाही, ज्या ध्वनिमुद्रणांना आयएसआरसी कधी मिळालाच नाही, तेथे रकाना रिकामा ठेवावा. सोयीसाठी दुसऱ्या आवृत्तीचा क्रमांक तेथे भरू नये. लेबलचे नाव, तालिका-क्रमांक आणि कोरलेली अक्षरे जशीच्या तशी, मधल्या मोकळ्या जागांसकट, उतरवून ठेवावीत.